जुन्या क्रिकेट फोटोंसाठी दहापट भिंग: दोन वर्षांच्या वापरानंतर

अण्णा गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक माझ्याकडे आली. उघडली तर आत कपडे नव्हते, कागदपत्रं नव्हती, सगळे क्रिकेटचे फोटो होते. मोजले, तीनशे बारा भरले. काही खरे ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून फोटोच्या कागदावर काढलेले, काही मासिकांतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले, थोडे जिलेटिनच्या पाकिटात ठेवलेले. कुणाच्या पाठीवर अण्णांच्या बॉलपेनने लिहिलेलं नाव, कुणाच्या पाठीवर नुसती तारीख, आणि निम्म्यांच्या पाठी कोऱ्या. मी स्वतः क्लबच्या सामन्यांचे स्कोअर लिहिते, सव्वीस वर्षं झाली. नाव नसलेला खेळाडू वहीत चालत नाही, तसा तो फोटोतही मला चालेना. म्हणून हे भिंग घेतलं.

भिंग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बाजारात या नावाखाली बरंच काही मिळतं. माझं आहे ते दहापट मोठं दाखवणारं, काचेच्या भिंगांचं, खाली पारदर्शक गोल बैठक असलेलं. बैठक थेट फोटोवर ठेवायची आणि डोळा वरच्या काचेला लावायचा. बैठकीच्या तळाशी मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या आहेत. बाजूला छोटा दिवा आहे, त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. आधी घेतलेलं भिंग प्लॅस्टिकच्या काचेचं होतं. मधला भाग ठीक दिसायचा, पण कडेला प्रत्येक पांढऱ्या पँटला जांभळी आणि पिवळी किनार यायची. विक्रेत्याने ते परत घेतलं नाही. ते आता शिवणाच्या डब्यात आहे, सुईत दोरा ओवायला उत्तम.

दहापट भिंगाची एक अडचण जाहिरातीत लिहिलेली नसते. ते फोटोपासून साधारण अडीच सेंटीमीटरवर स्पष्ट दिसतं आणि एका वेळी जेमतेम दोन सेंटीमीटरचा गोल दाखवतं. म्हणजे संघाचा सतरा जणांचा फोटो असेल, तर एका माणसाचा चेहरा दिसतो, शेजारच्याचा अर्धा कान दिसतो आणि आपण कोणत्या रांगेत आहोत हेच विसरायला होतं. समूहछायाचित्रासाठी आधी चारपट किंवा पाचपट साधं हातभिंग घ्या, रांगा मोजा, कागदावर डोक्यांचा आराखडा काढा, प्रत्येकाला आकडा द्या. मग दहापट काढा. हा क्रम पाळला नाही तर पहिल्याच संध्याकाळी मान धरते, माझी धरली होती.

आता ज्यासाठी ते घेतलं त्या कामाकडे येते.

पहिल्या आठवड्यात मी चूक केली ती अशी, की भिंग थेट चेहऱ्यांवर लावलं. चेहरा मोठा केला की ओळख पटेल असं कुणालाही वाटतं. तसं होत नाही. ठरावीक मर्यादेपुढे चेहरा उरत नाही, फोटोच्या कागदावरचे नुसते चांदीचे कण दिसतात आणि त्या कणांत आपल्याला हवा तो माणूस दिसू लागतो. एका उंच, ताठ मानेच्या माणसाला मी तीन दिवस सी. के. नायडू समजत होते, फक्त तो सी. के. असावा असं मला मनापासून वाटत होतं म्हणून. भिंग खरं कामाला आलं ते चेहरा सोडून बाकी सगळ्यावर फिरवलं तेव्हा: गुंड्या, खिसे, टोप्या, मागचा धावफलक, तंबूचे खांब, बॅटवरची अक्षरं. नाव सगळ्यात शेवटी लिहायचं. हे शिकायला मला सहा महिने लागले. तुम्ही ते पहिल्या दिवशीच करा.

गुंड्यांपासून सुरुवात करा असं मी प्रत्येकाला सांगते. जुन्या निगेटिव्ह उलट्या बाजूने छापल्या जाणं अगदी सर्रास घडे, मासिकांत तर पानाची मांडणी साधायला मुद्दामही करत. फोटो उलटा झाला की उजव्या हाताने खेळणारा डावखुरा होतो. अण्णांच्या ट्रंकेत एका डावखुऱ्या फलंदाजाचा ड्राइव्हचा सुंदर फोटो आहे, पाठीवर लिहिलंय ‘नरी’. नरी कॉन्ट्रॅक्टर डावखुरेच होते, म्हणून मला शंका आली नाही. पण भिंगाखाली शर्टाची पट्टी पाहिली तर उजवी बाजू डावीवर आलेली, आणि खिसा उजव्या छातीवर. पुरुषांच्या शर्टाला डावी बाजू वर असते, खिसा डावीकडे असतो. म्हणजे फोटो उलटा आणि खेळणारा माणूस उजव्या हाताचा. नरी कॉन्ट्रॅक्टर नक्कीच नाहीत. कोण आहेत ते अजून ठरलेलं नाही, पण पाठीवरच्या नावापुढे मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आहे.

याच कसोटीला एक गोड अपवाद आहे. भागवत चंद्रशेखर गोलंदाजी उजव्या हाताने करत, पण लहानपणी झालेल्या पोलिओने तो हात बारीक राहिल्यामुळे क्षेत्ररक्षणात चेंडू डाव्या हाताने फेकत. त्यामुळे चंद्रा डाव्या हाताने फेकताना दिसले तर फोटो उलटा आहे असं लगेच ठरवू नका. गुंड्या पाहा. त्यांचे पूर्ण बाह्यांचे, मनगटाशी बंद केलेले शर्टही भिंगाखाली चांगले कळतात. विनू मंकडही असेच गोंधळात टाकतात. फलंदाजी उजव्या हाताने, गोलंदाजी डाव्या हाताने. दोन फोटो शेजारी ठेवले तर एक नक्की उलटा छापलाय असं वाटतं, आणि दोन्ही बरोबर असतात.

मंकडांचं नाव निघालं म्हणून ट्रंकेतला माझा सगळ्यात लाडका फोटो सांगते. दोन फलंदाज खेळपट्टीच्या मध्ये उभे आहेत, मागे दूरवर धावफलक. पाठीवर अण्णांनी लिहिलंय ‘मंकड-रॉय, चेपॉक’. बॉलपेन इतका दाबून लिहिलेला की ‘मं’वरचं टिंब पुढच्या बाजूला मंकडांच्या गालावर उमटलं आहे. धावफलक नुसत्या डोळ्यांना राखाडी चौकोन दिसतो. भिंगाखाली तीन आकडे असलेली एक ओळ दिसली, पहिला आकडा ४, आणि खाली बळींच्या जागी ०.

स्कोअर लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं? चारशेच्या पुढे धावा आणि एकही बळी नाही. त्या काळापर्यंतच्या कसोटी क्रिकेटमध्ये असं एकदाच झालं. जानेवारी १९५६, मद्रास, न्यूझीलंडविरुद्ध, मंकड २३१ आणि पंकज रॉय १७३, सलामीची भागीदारी ४१३. त्याआधीचा विक्रम इंग्लंडच्या हटन आणि वॉशब्रुक यांचा ३५९ होता, आणि मंकड-रॉय यांचा विक्रम पुढे २००८ पर्यंत टिकला. म्हणजे हा क्षण दुसऱ्या दिवसाचा, ४०० आणि ४१३ यांच्या मधला कुठलातरी, पंकज रॉय बाद होण्याच्या अगदी थोडं आधीचा. आपण बघतोय त्या दोघांना अजून माहीत नाही की ही जोडी आता फुटणार आहे. मी भिंगावरून डोळा काढला तेव्हा माझा चहा थंड झाला होता आणि मला अण्णांना हाक मारावीशी वाटली.

पण अण्णांचं ‘चेपॉक’ चूक आहे. ती कसोटी मद्रासला झाली, पण चेपॉकवर नाही. त्या वर्षांत मद्रासच्या कसोट्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर होत. मैदानाचं नाव गावावरून धरायचं नाही, ही सवय मला या फोटोने लावली. मुंबईचंही तसंच. ट्रंकेत एका पाकिटावर ‘अमरनाथ, पहिलं शतक, ब्रेबोर्न’ असं होतं. लाला अमरनाथांचं ते ११८ धावांचं शतक, कसोटीत भारतीयाने केलेलं पहिलं, डिसेंबर १९३३ मधलं, बॉम्बे जिमखान्यावरचं. ब्रेबोर्न स्टेडियम उघडलंच १९३७ मध्ये. आणि वानखेडेवर पहिली कसोटी व्हायला १९७५ उजाडलं. मुंबईच्या फोटोत आधी मैदान ठरवा. तीन मैदानं, तीन काळ, त्यातच निम्मं उत्तर मिळतं.

सोलकर यांच्या फोटोने मला भिंगाची मर्यादा दाखवली. १९७१, लंडनचं ओव्हल मैदान. वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा झेल घेताना एकनाथ सोलकर जमिनीला समांतर आडवे झालेले. हा क्षण आमच्या घरात देवघरातल्या फोटोइतकाच माहितीचा. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, २७ कसोटींत ५३ झेल, तेही फलंदाजाच्या श्वासाच्या अंतरावर आणि डोक्यावर शिरस्त्राण नसताना. अण्णांकडे त्याची मोठी प्रत होती आणि मला वाटायचं की ती खरी छायाचित्रप्रत आहे. भिंग लावलं आणि सगळा फोटो ठिपक्यांत विरघळला. ओळीने मांडलेले काळे ठिपके, काही लहान, काही मोठे. म्हणजे मासिकातून कापलेला कागद. खऱ्या प्रिंटमध्ये कण असतात, विस्कटलेले, रांगेत नसतात. छापील चित्रात ठिपक्यांची जाळी असते. हा फरक सहापट भिंगातही दिसतो, दहापटमध्ये क्षणात कळतो. जाळी दिसली की थांबा, जास्त मोठं करून काही नवं मिळत नाही, माहिती तिथे संपलेली असते. मला वाईट वाटलं खरं. मग पुठ्ठ्याच्या कडा पाहिल्या. अण्णांनी तो कागद ब्लेडने इतका सरळ कापलाय की पट्टी लावली तरी कुठे रेघ चुकलेली नाही.

त्याच पाकिटात हत्तीचा फोटो होता. मैदानाच्या कडेने चाललेलं हत्तीचं पिल्लू, मागे गर्दी. पाठीवर एवढंच: ‘चतुर्थी. जिंकलो.’ वर्ष नाही, गाव नाही, सामना नाही. क्रिकेटच्या फोटोंत हत्ती कशाला ठेवला असेल, म्हणून मी तो सर्कशीचा समजून बाजूला ठेवला होता. भिंगाखाली मागच्या गर्दीतल्या लोकांचे कोट आणि टाय दिसले, म्हणजे आपल्याकडचा ऑगस्ट नव्हे. मग उलगडलं. २४ ऑगस्ट १९७१, ओव्हल कसोटीचा शेवटचा दिवस आणि गणेश चतुर्थी. लंडनमधल्या भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाचं हत्तीचं पिल्लू मैदानावर आणलं होतं. आदल्या दिवशी चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ वर गुंडाळला होता, आणि चतुर्थीला भारताने १७३ धावांचं लक्ष्य सहा गडी गमावून पार केलं. इंग्लंडमध्ये भारताचा पहिला कसोटी विजय. अण्णांनी चार शब्दांचंही वाक्य लिहिलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने त्या दोन शब्दांत सगळं आलं होतं.

दुरुस्त केलेल्या फोटोंसाठी हे भिंग मी सगळ्यात जास्त वाखाणते. जुन्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत छापण्याआधी फोटोवर ब्रशने काम होई. बॅटची कड पांढऱ्या रंगाने उजळायची, काळोखी पार्श्वभूमी पुसायची, आणि चेंडू दिसत नसेल तर रंगवायचा. ट्रंकेत एक फोटो आहे, यष्ट्या उडालेल्या, बेल्स हवेत, आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांपासून वीतभर दूर. लहानपणी अण्णा तो दाखवून मला चेंडू कसा आत वळला ते समजावत. भिंगाखाली तो चेंडू कणांच्या आत नाही, कणांच्या वर आहे. रंगाचा जाडसर थेंब, डाव्या बाजूला ब्रशच्या दोन केसांचे ओरखडे. उजेड तिरपा पाडला तर त्याची बारीक सावलीसुद्धा पडते. चेंडू तिथे नव्हताच, किंवा होता पण कॅमेऱ्याला सापडला नव्हता. अशा फोटोंवरून ‘कसा बाद झाला’ हे कधीही ठरवू नका. आणि पहिल्या काळातले कित्येक फोटो सामन्यातले नसतातच. जॉर्ज बेल्डम यांनी काढलेला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज व्हिक्टर ट्रंपरचा, क्रीझबाहेर झेपावून ड्राइव्ह मारतानाचा जगप्रसिद्ध फोटो मुद्दाम काढून घेतलेला आहे, तिथे गोलंदाजाने बळी घ्यायचा प्रश्नच नव्हता. म्हणून तो कमी सुंदर ठरत नाही. फक्त त्याला सामना चिकटवू नये.

तिरप्या उजेडावरून भिंगातल्या दिव्याकडे येते. तो दिवा या वस्तूतला सगळ्यात निरुपयोगी भाग आहे. चकचकीत प्रिंटवर त्याचा उजेड सरळ परत डोळ्यात येतो. जुन्या फोटोंच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, चांदीसारखी निळसर झाक चढलेली असते, तिच्यावर तर दिव्याने नुसता आरसा होतो. मी दिवा बंद ठेवते, टेबलावरचा दिवा एका बाजूला, अगदी खाली झुकवून ठेवते, आणि भिंगाची बैठक पारदर्शक असल्यामुळे उजेड बाजूने आत येतो. म्हणूनच घेताना बैठक पारदर्शकच आहे ना ते बघा. काळ्या बैठकीचं भिंग काचेखाली उजेड असणाऱ्या निगेटिव्हसाठी असतं, प्रिंटला ते कामाचं नाही. दुसरं असं की बैठक थेट फोटोवर सरकवू नका. उचला आणि ठेवा. माझ्याकडून एकदा सरकली, १९५२ च्या एका प्रिंटवर केसाएवढा ओरखडा आहे. तेव्हापासून मध्ये पातळ पारदर्शक कागद ठेवते.

तो १९५२ चा फोटो म्हणजे इंग्लंडमधल्या हेडिंग्ले मैदानाचा धावफलक, भारताचा दुसरा डाव, धावा शून्य आणि बळी चार. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. तिघांना पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनने बाद केलं, एकाला बेडसरने. इथे ओळखायला काही नाही, फलकच सगळं सांगतो. तरी अण्णांनी हा पराभवाचा फोटो इतक्या जपणुकीने का ठेवला असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

समूहछायाचित्रांत भिंगापेक्षा जास्त उपयोग होतो तो बसण्याच्या रीतीचा. पण ती रीतही फसवते. मधल्या खुर्चीतला माणूस कर्णधार, हे नेहमी खरं नसतं. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते, पण लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेले सी. के. नायडू. संस्थानिक, व्यवस्थापक, देणगीदार हे सगळे मधल्या खुर्च्यांवर येतात आणि खरा कर्णधार त्यांच्या शेजारी जातो. त्याच संघात वझीर अली आणि नझीर अली हे भाऊ आहेत, म्हणजे ‘अली’ एवढंच लिहिलेलं असेल तर तेही पुरत नाही. फेटा बांधलेला दिसला की लोक घाईने पतियाळा म्हणतात. १९३२ च्या लॉर्ड्सवर फेटा होता लाल सिंग यांचा, क्वालालंपूरहून आलेले, ज्यांनी फ्रँक वूलीला धावबाद केलं आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. १९११ च्या दौऱ्यात फेटा पतियाळाच्या महाराज भूपिंदर सिंगांचा, आणि १९३४ मध्ये मद्रासला कसोटी खेळले त्यांचे पुत्र यादवेंद्र सिंग. तीन फेटे, तीन माणसं, आणि फोटोत ते कधीकधी सारखेच दिसतात. बांधणीकडे बघा, आणि त्याहून जास्त शेजारी कोण बसलंय त्याकडे.

आडनावं गाळण्याची जुनी पद्धतही ध्यानात ठेवायला हवी. पळवणकर बंधू चार: बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. जुन्या मथळ्यांत ते ‘पी. बाळू’, ‘पी. विठ्ठल’ असे येतात आणि नवशिक्या माणसाला पी हे आडनाव आहे हे कळतच नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी डावखुऱ्या फिरकीवर ११४ बळी घेतले. ज्यांना स्वतःच्या जिमखान्यात सहकाऱ्यांबरोबर बसून चहा घेता येत नव्हता, वेगळा मातीचा कप मिळे, त्या माणसाचा फोटो शोधताना मी गुंड्या दोनदा तपासते. उलटा छापला तर त्यांचा डावा हात उजवा होतो, आणि त्यांची ओळखच त्या हाताची आहे. पतौडींचंही असंच. ‘नवाब पतौडी, इंग्लंड’ एवढ्या मथळ्याने काही ठरत नाही. थोरले इफ्तिखार अली खान १९३२ मध्ये सिडनीला इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत शतक करून गेले आणि १९४६ मध्ये भारताचे कर्णधार झाले. धाकटे मन्सूर अली खानही इंग्लंडमध्येच शिकले, खेळले, आणि १९६१ मध्ये तिथेच अपघातात उजवा डोळा गमावून बसले. टोपीचं टोक उजव्या डोळ्यावर ओढलेलं दिसलं तर बहुतेक धाकटे.

काळ ठरवायला शिरस्त्राण चांगलं. १९७७ च्या आधीच्या फोटोत ते सहसा दिसणार नाही. डेनिस एमिसने केरी पॅकर यांच्या खाजगी मालिकेतल्या सामन्यांत घातलं, आणि कसोटीत १९७८ मध्ये ग्रॅहम यालपने. बॅटच्या मागे खोलगट खाच असेल तर ती १९७४ नंतरची.

फोनमधल्या चित्रशोधाशी तुलना करायला हवी, कारण सगळे तेच विचारतात. माझ्या भाच्याने एका रविवारी सोळा फोटो शोधून पाहिले. ‘मावशी, हे बघ, लगेच सापडतं,’ म्हणाला. पाच सापडले, पाचही आधी कुठेतरी छापून आलेले. उरलेल्या अकरांना प्रत्येक वेळी कुणीतरी प्रसिद्ध खेळाडू ठरवलं, आणि तो खेळाडू त्या काळात जन्मलाही नव्हता असं दोनदा झालं. तो शोध प्रसिद्ध फोटो ओळखतो, माणूस ओळखत नाही. ट्रंकेतल्या फोटोला त्याचा फारसा उपयोग नाही.

त्याहून माझा राग आहे तो चेहरा ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या साधनांवर. मी एक अस्पष्ट चेहरा त्यात घातला. पापण्या, भुवया, ओठांवरच्या रेषा, सगळं आलं. प्रिंटमध्ये त्या जागी केवळ सात-आठ कण आहेत, मी ते भिंगाखाली मोजले आहेत. म्हणजे ते डोळे कुणाचेच नव्हते, यंत्राने घडवले होते. अशा चेहऱ्यावरून नाव ठरवलं की एका माणसाची जागा आपण दुसऱ्याला देऊन टाकतो. कृपा करून हे करू नका. स्कॅन करायचं तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर, प्रिंटसाठी ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), लहान प्रिंटसाठी १२००, कुठलीही सुधारणा न करता, आणि पाठही स्कॅन करायची. पाठीवरचे शिक्के, चिकटवलेल्या मथळ्याच्या चिठ्ठ्या, लाल पेन्सिलने काढलेल्या कापणीच्या खुणा चेहऱ्याइतकंच सांगतात, अनेकदा जास्त.

मिलिमीटरच्या खुणांचा उपयोग मला सुरुवातीला कळला नव्हता. आता मी एकाच फोटोच्या दोन प्रतींत मधल्या यष्टीची उंची मोजते. एका प्रतीत कडेचा माणूस कापलेला असतो. माप जुळवलं की कुठून किती कापलंय ते कळतं, आणि कापलेल्या भागात कोण होतं याचा शोध घेता येतो. असे दोन पंच आणि एक स्कोअरर मला परत मिळाले.

घ्यावं का? ज्यांच्याकडे खरे प्रिंट आहेत त्यांनी जरूर घ्यावं, काचेचं, पारदर्शक बैठकीचं, खुणा असलेलं, दिव्याकडे दुर्लक्ष करून. सोबत एक साधं हातभिंग आणि मऊ पेन्सिल. बॉलपेन नको. ज्यांच्याकडे फक्त कात्रणं आहेत त्यांनी पैसे वाचवावेत, ठिपक्यांपलीकडे काही दिसणार नाही. चष्मा असेल तर डोळा काचेजवळ नेण्याइतकी जागा मिळते का ते हातात घेऊनच बघा, मला चष्मा काढावा लागतो.

तीनशे बारापैकी दोनशे चाळीस फोटोंना आता खात्रीने नावं आहेत. ‘चेपॉक’ मी खोडलं नाही. त्याखाली पेन्सिलने कॉर्पोरेशन स्टेडियम लिहिलं, तारखेसह. उरलेल्यांत एका क्लबचा फोटो आहे, बारा खेळाडू, पांढरी छत्री, आणि उजव्या टोकाला काखेत जाड वही धरून उभा असलेला धोतरातला माणूस. त्याचं नाव मथळ्यात नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर दोन ओळी आहेत. दहापटमध्ये पहिली ओळ मराठी आहे एवढं कळतं, शिरोरेघ दिसते, अक्षरं मिटलेली आहेत. फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का आहे. त्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह कुणी सांभाळून ठेवल्यात का, याची चौकशी मी गेल्या महिन्यापासून करते आहे.